जुनं पांढरं नाणं चांदीचं की निकेलचं? घरीच कसं तपासायचं आणि पुढे त्याचं काय करायचं

जुन्या घराची आवराआवर निघाली की एखाद्या पितळी डब्यात नाहीतर देवघराच्या खणात नाणी सापडतातच, मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो आणि पाठोपाठ तेच प्रश्न, चांदीचं आहे का, किती मिळतील, चिंचेनं घासू का. त्यातली पांढरी नाणी बऱ्याचदा चांदीची नसतातच, निकेलची किंवा निकेल मिसळलेल्या धातूची असतात. लोक ती चांदी समजून सराफाकडे नेतात, तिथे "ही चांदी नाही हो" ऐकलं की हिरमुसतात आणि ती नाणी सरळ भंगारात नाहीतर नदीच्या पुलावरून खाली. हे बघून खरंच जीव तुटतो, कारण ब्रिटिश राजाचं डोकं जाऊन अशोकस्तंभाचे सिंह पहिल्यांदा आपल्या बंद्या रुपयावर आले तो रुपया निकेलचाच होता. म्हणून नाणं टाकायच्या, विकायच्या किंवा घासायच्या आधी ते नेमकं काय आहे ते बघा. फार काही लागत नाही. फ्रिजला लावतो तसलं एक चुंबक, ग्रॅममध्ये दशांश चिन्हापुढचे दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा, एक पट्टी आणि बारीक अक्षर वाचायला भिंग किंवा मोबाईलचा कॅमेरा, बस.

पहिली पायरी: साल वाचा

चुंबक नंतर, आधी साल. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. आपल्याकडे नाण्यात निकेल आलं ते आधी तांब्यात मिसळून. तांबं ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के असा जो पांढरा मिश्रधातू असतो त्याला क्युप्रोनिकेल म्हणतात, आणि सातव्या एडवर्डच्या काळातला नागमोडी कडेचा एक आणा त्याचाच. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा दोन आणे, चार आणे, आठ आणेसुद्धा याच धातूत पाडले गेले, म्हणून चौकोनी दोन आणे बघून कोणी चांदी चांदी करू नका.

रुपया मात्र तेव्हाही चांदीचाच होता. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली, म्हणजे ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि निकेल-जस्त पाच-पाच टक्के. सहाव्या जॉर्जचे १९४० ते ४५ चे रुपये, अधेल्या (आठ आणे), पावल्या (चार आणे) या अशा अर्ध्या चांदीच्या. युद्धात निकेलची पण मारामार होती त्यामुळे १९४२ ते ४५ मधले आणे पिवळट, निकेल-ब्रासचे दिसतात. आणि मग १९४६-४७ ला पावली आणि अधेली, १९४७ ला रुपया, हे शुद्ध निकेलमध्ये आले, एका बाजूला राजा आणि दुसरीकडे चालणारा वाघ. सगळ्यात जास्त घोळ याच वाघाच्या रुपयावर होतो. राजाचं डोकं आहे म्हणजे चांदी, असं लोक धरून चालतात. १९४७ च्या रुपयात चांदी अजिबात नाही.

त्यानंतर १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली. वाघाच्या जागी धान्याच्या लोंब्या, राजाच्या जागी सिंह. रुपया, अधेली, पावली निकेलची, दोन आणे-एक आणा-अर्धा आणा क्युप्रोनिकेलचे आणि पैसा ब्रॉन्झचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, म्हणजे आणे जाऊन रुपयाचे शंभर नये पैसे, त्यात २५ आणि ५० नये पैसे निकेलचे राहिले, १०, ५ आणि २ नये पैसे क्युप्रोनिकेलचे. रुपयाचं नव्या वजनाचं नाणं १९६२ साल घेऊन आलं, तेही निकेलचं. नेहरूंचं १९६४ चं आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीचं (त्यावर १८६९–१९४८ लिहिलंय) रुपया आणि ५० पैसे ही पण निकेलचीच. गांधीजींचं १० रुपयांचं नाणं तेवढं चांदीचं आहे, ८० टक्के, ते सापडलं तर वेगळं ठेवा. सत्तरच्या दशकात निकेल महाग पडायला लागलं आणि ही सगळी मोठी नाणी एकेक करून क्युप्रोनिकेलवर गेली. १९८८ पासून १०, २५, ५० पैसे स्टीलचे आले आणि १९९२ पासून रुपया.

दुसरी पायरी: चुंबक

साध्या तापमानाला चुंबकाकडे जोरात ओढले जाणारे नेहमीचे धातू तीनच, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. नाण्यात कोबाल्ट नसतं. त्यामुळे चिकटलं तर निकेल किंवा स्टील, एवढेच पर्याय उरतात. चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यातलं काहीच चिकटत नाही.

आता इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही, की क्युप्रोनिकेलसुद्धा चिकटत नाही. त्यात चौथा हिस्सा निकेल असूनही. पण तसंच आहे, तांब्यात एवढं विरघळलं की निकेलचा हा गुण निघून जातो. अमेरिकेतल्या ज्या पाच सेंटच्या नाण्याला सगळे निकेल म्हणतात तेसुद्धा याच ७५-२५ धातूचं आहे आणि चुंबकाला चिकटत नाही.

करून बघायला घरात एखादा १९६२ नंतरचा जुना जड रुपया आणि १९७५ नंतरचा त्याच आकाराचा रुपया असेल तर दोन्ही शेजारी टेबलावर ठेवा आणि चुंबक वरून हळूहळू खाली आणा. निकेलचा रुपया मध्ये बोटभर अंतर असतानाच एका कडेवर उभा राहतो आणि टक् आवाज करून वर येऊन बसतो, दुसरा जागचा हलत नाही. दोघं दिसायला जवळजवळ सारखे. नये पैशांची पावली हलकी असल्यामुळे ती तर अक्षरशः उडी मारते. मुलांना दाखवा, सायन्सच्या पुस्तकातलं वाक्य हातात येतं.

आता साल आणि चुंबक एकत्र करा. भारत सरकारच्या स्टीलच्या नाण्यांची सुरुवातच १९८८ ची. म्हणजे त्याआधीचं साल असलेलं खरं नाणं चुंबकाला चिकटलं की ते निकेलचं, यात वाद नाही. १९९२ नंतरचा बारका रुपया चिकटला तर ते स्टील, त्यात लोखंड आणि सुमारे १७ टक्के क्रोमियम असतं आणि निकेल नसतं.

आणि उलटं पण बघा. राणीछाप किंवा जॉर्जचा १९४५ च्या आधीचा "चांदीचा" रुपया चुंबकाला चिकटला तर तो नकली आहे, मग विकणारा कितीही शपथा घेऊ दे. चांदी चिकटत नाही, अर्धी चांदीही चिकटत नाही. आत लोखंड आणि वरून मुलामा, असा माल बाजारात बराच फिरतो. फक्त चिकटलं नाही म्हणजे चांदीच असं मात्र धरू नका, जर्मन सिल्व्हर पण चिकटत नाही आणि त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी शून्य.

तिसरी पायरी: वजन

काटा सपाट जागी ठेवा, पंखा बंद करा, शून्य करा आणि मग नाणं ठेवा. २८ मिलिमीटर व्यासाचा रुपया असेल तर तीन वजनं लक्षात ठेवायची. ११.६६ ग्रॅम आलं तर तो वाघाचा किंवा १९५० नंतरचा लोंब्यांचा निकेलचा रुपया (चांदीचा पण एवढाच भरतो, म्हणून चुंबक आधी). १० ग्रॅम आलं तर १९६२ नंतरचा निकेलचा. ८ ग्रॅम आलं तर क्युप्रोनिकेलचा. अधेली-पावलीचं गणित सोपं आहे, रुपयाच्या निम्मं आणि पाव, म्हणजे जुनी अधेली ५.८३ ग्रॅम आणि २४ मिलिमीटर, पावली २.९२ ग्रॅम आणि १९ मिलिमीटर, नये पैशातलं ५० चं नाणं ५ ग्रॅम आणि २५ चं अडीच.

हा ११.६६ आकडा उगाच आलेला नाही. १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, आणि रुपया बरोबर एक तोळ्याचा पाडला जायचा, म्हणूनच पूर्वी तराजूत वजन म्हणून रुपये टाकायचे. धातू बदलून चांदीचं निकेल झालं तरी १९५० च्या रुपयानं तोळा सोडला नाही, तो सुटला दशमान पद्धतीत, १० ग्रॅमवर आल्यावर. मला ही गोष्ट फार आवडते, हातात घेतल्यावर तोळा म्हणजे किती जड ते कळतं.

झिजलेलं नाणं थोडं कमी भरणार, दहाचं पावणेदहा आलं तर घाबरू नका. पण ११.६६ च्या जागी नऊ-साडेनऊ भरत असेल तर शंका घ्या. पाण्यात बुडवून घनता काढायची पद्धत इथे फार कामाची नाही, कारण निकेल आणि तांबं दोघांची घनता जवळजवळ सारखी, ८.९ च्या आसपास, त्यामुळे निकेल आणि क्युप्रोनिकेल त्यातून वेगळे पडतच नाहीत. आणि नाण्यावर तांबूस गंज दिसला तर आत लोखंड आहे, निकेलला तसा गंज चढत नाही, फार तर मळकट करडी छटा येते. हिरवट डाग असतील तर तांबं आहे, म्हणजे बहुधा क्युप्रोनिकेल.

चौथी पायरी: टांकसाळीची खूण आणि नाण्याची हालत

आता भिंग घ्या आणि सालाच्या खाली बघा. छोटा हिरा दिसला तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता, आणि नंतरच्या नाण्यांवर गोल टिंब असेल तर नोएडा. एकाच सालचं नाणं एका टांकसाळीचं ढिगानं मिळतं आणि दुसऱ्याचं मिळत नाही असं होतं, म्हणून ही खूण वाचल्याशिवाय कोणालाही किंमत विचारू नका.

किंमत कशात असते हे स्पष्ट सांगतो, धातूत नाही. निकेल किलोला दीड हजार रुपये धरलं तर १० ग्रॅमच्या रुपयात पंधरा रुपयांचं निकेल. संपलं. जास्तीचे पैसे मिळतात ते साल, टांकसाळ आणि हालत यावर, आणि त्यातही हालत सगळ्यात वर. सिंहांच्या आयाळीची रेघ न् रेघ दिसते का, लोंबीचे दाणे वेगळे दिसतात का, मूळची चमक आहे का. हातोहात फिरून गुळगुळीत झालेलं निकेलचं नाणं जुनं असलं तरी सहसा किरकोळ पैशातच जातं, कारण ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली होती. वाईट वाटून घेऊ नका पण खोटी आशाही ठेवू नका.

विकायचंच असेल तर मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे जा, दोन-तीन टेबलांवर दाखवा, पहिल्या टेबलावर देऊन मोकळे होऊ नका. नुसतं शिकायचं असेल तर मुंबईच्या फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, दोन्ही ठिकाणी खरं नाणं कसं दिसतं ते डोळ्यात बसतं आणि मग नकली लगेच खुपतं.

ऑनलाइन जाहिरातींपासून मात्र लांब राहा. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखांना जातं, ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं रामदरबाराचं नाणं करोडोंना जातं, हे सगळं साफ खोटं. वैष्णोदेवीची नाणी २०१२ ची साधी चलनी नाणी आहेत, आणि कंपनीनं रामदरबाराचं नाणं कधी काढलंच नाही. त्याच्या पुढचा प्रकार म्हणजे तांदूळ ओढणारं "चमत्कारी" नाणं, राईस पुलर, ज्यात लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवली. या सगळ्यांची पद्धत एकच, आधी तुमच्याकडून रजिस्ट्रेशन, जीएसटी, कमिशन म्हणून पैसे मागायचे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि असले पैसे कधीच मागत नाही. नाणं विकताना तुम्हालाच पैसे भरायला लावले की फोन ठेवा.

घासू का? नको, अजिबात नको

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, सोडा, यातलं काहीही निकेलच्या नाण्याला लावू नका. घासलं की वरची मूळ चमक जाते आणि बारीक ओरखडे उठतात, जाणकार माणूस तिरक्या उजेडात एका नजरेत ओळखतो आणि किंमत तिथल्या तिथे निम्म्याच्या खाली जाते, आणि हे परत भरून येत नाही. पूजेच्या ताम्हनाला जे चालतं ते नाण्याला चालत नाही. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी बाहेर काढून मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपा, चोळू नका. जुन्या प्लॅस्टिक पाकिटाचा चिकटपणा किंवा सेलोटेपचा गोंद असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात रंग-वास घातलेले असतात.

ठेवताना नाणं कडेनं धरा, बोटाचा घाम नाण्यावर ठसा सोडतो. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट टाळा, त्यातून सुटणारं रसायन नाण्यावर हिरवट चिकट थर आणतं. पुठ्ठ्याच्या चौकोनात पारदर्शक फिल्म असलेले होल्डर स्वस्त आणि चांगले. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधून मधून बदला.

वितळवता येतं का?

नाही. कॉइनेज ॲक्ट २०११ प्रमाणे चलनात मान्य असलेलं नाणं वितळवणं, तोडणं, खराब करणं हा गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वरचा हिशोब बघा, पंधरा रुपयांच्या धातूसाठी असल्या फंदात पडायचं कारणच नाही. निकेल वितळायला १४५५ अंश सेल्सिअस लागतं, घरच्या भट्टीचं ते काम नाही. निकेल तापवलं की चुंबकाला चिकटेनासं होतं हे मात्र खरं आहे, साडेतीनशे अंशांच्या थोडं वर गेलं की त्याचा तो गुण जातो आणि गार झाल्यावर परत येतो. प्रयोग करायचा तर निकेलची तार घ्या, नाणं नको.

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणजे निकेलच्या पावल्या आता फक्त संग्रहासाठी. पण निकेल तुमच्या पाकिटातून गेलेलं नाही. वीस रुपयांचं बारा कोनी नाणं काढा, त्याच्या बाहेरच्या कड्यात २० टक्के निकेल आहे आणि मधल्या पिवळ्या भागात ५ टक्के.

निकेलची ॲलर्जी

हा प्रश्न नाण्यांपेक्षा दागिन्यांमुळे जास्त येतो. कानातलं घातलं की पाळी चिघळणं, जीन्सच्या बटणाच्या मागे बेंबीखाली खाजरा चट्टा उठणं, घड्याळाच्या बकलखाली पुरळ, यामागे बऱ्याचदा निकेल असतं. घामानं निकेल थोडं थोडं सुटतं आणि त्वचा त्याला रागावते. एकदा ही ॲलर्जी बसली की सहसा आयुष्यभर राहते. नाणं घटकाभर हातात धरल्यानं बहुतेकांना काही होत नाही, पण दिवसभर गल्ल्यावर सुट्टे मोजणाऱ्याला, आणि त्यात ॲलर्जी असेल तर, हाताला त्रास होऊ शकतो.

दागिना तपासायला निकेल स्पॉट टेस्टचं किट मिळतं. कापसाच्या काडीवर त्यातलं द्रावण घ्यायचं, दागिन्यावर अर्धा मिनिट घासायचं, काडी गुलाबी झाली की निकेल सुटतंय. चुंबक इथे उपयोगी नाही, कारण निकेल मिश्रधातूत किंवा पातळ मुलाम्यात असतं. टिकलीखाली पांढरा डाग पडतो त्याला मात्र निकेल म्हणू नका, तो बहुतेकदा टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा असतो. चट्टा ओला झाला, पसरला तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा, घरी मलमं लावत बसू नका.

अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्यांसाठी

तिकडे सुट्ट्या पैशांच्या बरणीत बघण्यासारखं बरंच असतं. अमेरिकेचं निकेल ५ ग्रॅमचं, १८६६ पासून चालू. युद्धाच्या काळात, १९४२ ते ४५, निकेल वाचवायला त्यांनी तांबं, मँगनीज आणि ३५ टक्के चांदी असं मिश्रण वापरलं. ओळखायचं सोपं आहे, मागच्या बाजूला जेफरसनच्या घराच्या घुमटावर मोठं पी, डी किंवा एस अक्षर असतं. असं मिळालं तर बाजूला काढा. तिथेही २००६ पासून पाच सेंट वितळवायला बंदी आहे. खरं शुद्ध निकेल हवं तर कॅनडाचे १९५५ ते १९८१ मधले पाच सेंट बघा, ते चुंबकाला टक्कन चिकटतात.

आणि इकडून तिकडे आजोबांची नाणी नेणार असाल तर आधी साल बघा. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, एडवर्डचा तो नागमोडी आणासुद्धा. १९४७ चा वाघ आणि १९५० च्या लोंब्या अजून त्या वयाच्या झालेल्या नाहीत. तरी सामानात पसाभर नाणी असली तर प्रत्येकाचा दोन्ही बाजूंचा फोटो, साल आणि वजन लिहिलेली यादी सोबत ठेवा, विमानतळावर कोणी विचारलं तर समजावून सांगायला बरं पडतं.